पाणी कमी पिणं हा उपाय नाही

पुढच्या महिन्यापासून वाकड-हिंजवडीत डिलिव्हरी सुरू करतेयस, तर दिवसभरात बाथरूमला जायचं कुठं आणि ती सोय करणं कुणाचं काम, असं तू विचारलंयस. वर कमेंटमध्ये तिघांनी 'पाणी कमी पी' असा सल्ला दिलाय. तो अजिबात ऐकू नकोस. पाणी तोडलं की आधी उन्हाळी लागते, मग ताप, मग अँटिबायोटिक्स. एप्रिल-मेमध्ये मूतखड्याने आडव्या झालेल्या रायडर मी पाहिल्यात. घरी बसलेल्या दिवसांचे पैसे कुणी देत नाही, वर इन्सेन्टिव्हही जातो.

सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे पिकअप, हॉटेलमधून ऑर्डर उचलायची वेळ. ऑर्डर पॅक व्हायला वेळ लागणारच असतो. काउंटरवर 'जाऊ का?' असं विचारू नकोस. 'दादा, ऑर्डर होतेय तोवर वॉशरूम कुठंय?' असं विचार. परवानगी मागितली की 'फक्त कस्टमरसाठी आहे' हे उत्तर ठरलेलं. कुठंय विचारलं की बहुतेक जण हाताने दिशा दाखवतात. जे हॉटेल नीट वागवतं ते लक्षात ठेव आणि इथल्या बायकांना सांग. पार्सल हातात आल्यावर मात्र थांबू नकोस. ते बाथरूममध्ये नेता येत नाही, बाहेर ठेवलं तर जीव टांगणीला, आणि ॲपवरचं घड्याळ पळत असतं. पावसाळ्यात तर रेनकोटची पँट काढण्या-घालण्यातच पाच मिनिटं जातात.

डार्क स्टोअरला, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरचा माल ठेवणाऱ्या गोदामाला, लागणार असशील तर आयडी काढण्याआधी आत जाऊन टॉयलेट बघ. माल काढणाऱ्या पोरींसाठी ते सहसा असतं. 'रायडरला अलाउड नाही' म्हणाले तर जवळचं दुसरं स्टोअर बघ. पाळीच्या दिवसांत हा फरक फार मोठा असतो. पॅड बदलायला आतून कडी लागणारं दार, पाणी आणि कचऱ्याचा डबा लागतो, आणि हे सगळं अशा स्टोअरमध्येच मिळतं.

पेट्रोल पंपावर निःसंकोच जा. तेल कंपन्यांच्या नियमांप्रमाणे हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ठेवणं पंपचालकावर बंधनकारक आहे. कुलूप दिसलं तर किल्ली माग. नाही दिली तर तक्रारीचा नंबर तिथल्याच बोर्डावर असतो, तो फिरव. 'कुठल्याही हॉटेलात बाथरूम फुकट' म्हणत व्हॉट्सॲपवर फिरणारा 1867 चा सराई कायदा मात्र कुणाच्या तोंडावर मारू नकोस. तो प्रवाशांच्या मुक्कामाच्या सराईंसाठी आहे, उडप्याच्या काउंटरवर त्याने काही होत नाही. पीएमपीच्या जुन्या बसमधली, बायकांसाठीची 'ती' स्वच्छतागृहं 2016 पासून पुण्यात आली. वाटेत एखादं असेल तर आधी ते चालू आहे का बघून ठेव.

आता जबाबदारीचं. दुकाने व आस्थापना कायदा कामगारांसाठी स्वच्छतागृह मागतो, पण कंपनी आपल्याला कामगार म्हणतच नाही, 'पार्टनर' म्हणते. सगळी मेख तिथं आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे आपल्यासारखे ॲपवर काम करणारे, आले आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत भरायचे आहेत. पण तो निधी विमा, अपघात, म्हातारपण यांसाठी. शिफ्टमध्ये लघवीला कुठं जायचं याचं उत्तर त्यात नाही.

हे अवघड आहे म्हणून होत नाही, हे मला पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी 2022 पासून ऑर्डर न्यायला आलेल्या रायडरला हॉटेलने टॉयलेट वापरू द्यायचं, असा कायदाच आहे. चेन्नई महापालिकेने 2025 मध्ये अण्णानगरला रायडरसाठी एसी विश्रांतीकक्ष बांधला, स्वच्छतागृहासकट. आणि आपल्या पुण्यातल्याच 'मिळून साऱ्याजणी' संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महापालिकांना रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं द्यायला सांगितलंय. त्या बायकांत आपणही येतो. वॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा तर या निकालाचा उल्लेख करून, चार-पाच जणींच्या सह्या घेऊन कर आणि पोच घ्यायला विसरू नकोस. वाकडमधून अर्ज देणार असशील तर इथं कळव, माझी सही धर.