मालवणात राहायचं तर आधी दुपारी झोपायला शिका

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरपासून चार महिने मालवणात राहून लॅपटॉपवर काम करणार आहात, तर स्कूबा आणि किल्ला झाल्यावर रोज करायचं काय, बोअर होईल का. मी डोंबिवलीत वाढलो, पण गाव मालवण आणि आता सहा वर्षं इथेच आहे, म्हणून सांगतो. पहिला महिना होईल बोअर. नंतर नाही.

कारण इथलं घड्याळ वेगळं आहे. दुपारी जेवण झालं की बाजारपेठ निम्मी झोपलेली असते, तेव्हा बाईक काढून दुकानं हुडकत फिरलात तर चिडचिडच होणार (माझी झाली होती). झोपा सरळ. संध्याकाळी बंदरावर होड्या लागायला लागल्या की गाव जागं होतं, वाळूवरच माशांचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू. बोली इतकी भरभर चालते की पहिले काही दिवस मला आकडेच कळायचे नाहीत. ते ढीग मोठ्या गिऱ्हाइकांसाठी असतात, आपण बाजूला टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्यायचं आणि सुरमई-पापलेटच्या मागे लागू नका, पर्यटक तेच मागतात म्हणून भाव तिथेच चढतो. बांगडे, पेडवे, मुडदुशे घ्या. बांगड्याच्या तिखल्यात (म्हणजे झणझणीत रश्शात) तिरफळं, ही इथली मसाल्याची फळं, टाकायची, टाकताना थोडी ठेचायची, पण खायची नाहीत, जीभ बधिर होते.

सकाळी लवकर उठलात तर किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून जाळं ओढायची मासेमारी, बघायला मिळेल. एक होडी जाळं अर्धगोल टाकत जाते आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, तास दीड तास सहज जातो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोबाईल काढून व्हिडिओच करत होतो, तर एक आजोबा ओरडले, "फोटो काढून काय जेवक गावात? दोरीक हात लाव!" (फोटो काढून काय जेवायला मिळणार आहे?) लावला. तळहात सोलून निघाले, दोन दिवस टाइप करता येईना, पण शेवटी जाळं वर आलं तेव्हा त्यांनी मूठभर तारल्या माझ्या पिशवीत टाकल्या. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, ही पद्धतच आहे. त्यानंतर रस्त्यात "खंय चल्लंस?" (कुठे चाललास?) असं विचारायला लागले लोक. याला खरं उत्तर द्यायचं नसतं हां, "हंयच" (इथेच) म्हटलं की झालं, मी सुरुवातीला अख्खा पत्ता सांगत बसायचो.

सोमवारी बऱ्याच घरांत मासे नसतात. त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या खा, खरं तर मला तेच जास्त आवडतं पण हे इथे मोठ्याने बोलायची सोय नाही.

तुम्ही येताय तो सीझन जत्रांचा आहे, कार्तिकापासून आजूबाजूच्या गावांत एकेका देवळाची जत्रा लागते आणि रात्री दशावतार, म्हणजे इथलं लोकनाट्य. लिहिलेली संवादवही नसते, आख्यान ठरतं आणि बोलणं नट जागेवरच रचतात, बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि सुरुवातीला गणपती, मग संकासुर नावाचा राक्षस येऊन हशा पिकवतो. रंगायचं ठिकाण बघायचं असेल तर थोडं लवकर जा, देवळाच्या आसपास नट पेट्या उघडून, छोटा आरसा हातात धरून बसलेले असतात, जो आत्ता लुंगीवर विडी ओढत होता तोच तासाभरात शालू नेसून राणी होऊन उभा राहतो. हे पहाटेपर्यंत चालतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग ठेवू नका आणि चादर न्या, उघड्यावर दव पडतं.

आणि आल्याचा खाजा (गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या) जत्रेतून निघताना घ्या. आधी घेतलात तर नाटक रंगात यायच्या आत पिशवी रिकामी होते, आमची दर वर्षी होते.