पाण्यासाठी भांडतो तसं श्वासासाठी पण उमेदवाराशी भांडता येतं का?

तुम्ही विचारलंय की रस्ते-पाणी-लाईट सोडून फुफ्फुसाच्या आरोग्यावर पण मत द्यायला लोकांना कसं तयार करायचं, आणि असलं कोण ऐकून तरी घेतं का. मी सोलापूरचा, पूर्व भागात वाढलो, वडील लूमवर आणि आई विड्या वळायची, त्यामुळं हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आधी पाण्याचं सांगतो. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, तरी शहरात नळाला पाणी काही काही दिवसांआड येतं, वर्षानुवर्षं असंच चाललंय. पण पाण्याचा विषय एकाही निवडणुकीत टळत नाही, कारण बायका रिकाम्या घागरी घेऊन भर रस्त्यात बसतात आणि उमेदवाराला गाडीतून उतरावंच लागतं. धाप लागते ती रात्री अडीच-तीनला, दार लावलेल्या घरात. सकाळी शेजाऱ्यांनी विचारलं की आपण "दमा आहे जरा" म्हणतो, झालं. पाणी आलं नाही की दोष महापालिकेचा आणि श्वास पुरला नाही की दोष नशिबाचा, हे आपणच ठरवून ठेवलंय. लोकांशी बोलायला सुरुवात करायची तर इथूनच करा.

माझे वडील तीस वर्षं टॉवेलच्या लूमवर होते. घरी यायचे तेव्हा भुवया, कानातले केस सगळं पांढरं, सुताचं बारीक तूस बसलेलं. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, मग पुढं एक-दोन दिवसांत कमी यायचं, आम्हाला वाटायचं सुट्टीत अंग सुस्तावतं म्हणून होत असेल. त्याला बिसिनोसिस म्हणतात, सुताच्या धुळीनं होतो, आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती भरणं हीच त्याची खूण, हे मला वडील काम सोडून घरी बसल्यावर कळलं. कामामुळं होणाऱ्या आजारांच्या कायद्यातल्या यादीत तो आहे, डॉक्टरनं सरकारला कळवायचा असतो. आमच्या डॉक्टरांनी मात्र कित्येक वर्षं खोकल्याचं औषधच दिलं, नळीत फुंकून घ्यायची टेस्ट असते ना, स्पायरोमेट्री, ती एकदाही केली नाही. शेवटी शेवटी वडील आडवे पडायचेच नाहीत, कॉटवर बसून मांडीवर दोन उशा, त्यावर दोन्ही कोपर टेकून पुढं वाकलेले. आई पाठ चोळायला जवळ आली की तिच्या लुगड्यातली तंबाखूची भुकटी नाकात जाऊन त्यांना अजून खोकला यायचा, तिच्या ते लक्षात यायचं, मग ती एवढ्या रात्री उठून आंघोळ करून लुगडं बदलून परत यायची.

आमच्या भागात हजारो बायका अजून असंच काम करतात, मांडीवर सूप, त्यात तंबाखू, आणि त्याच खोलीत पोरं अभ्यास करतात. विडी बंद करा असं मी म्हणत नाही, आमचं घर त्याच्यावर चाललंय. पण वर्षातून एकदा या बायकांच्या छातीची तपासणी फुकट झाली पाहिजे आणि ज्यांना दुसरं काम पाहिजे त्यांना ते शिकवलं पाहिजे, हे मागायला काय हरकत आहे?

आता कसं मागायचं ते. "प्रदूषण कमी करा" असं मोघम बोलू नका, उमेदवार "नक्की नक्की" म्हणत हात जोडून पुढच्या दारात जातो. त्याच्या हातात जे आहे तेच विचारायचं. नगरसेवक असेल तर विचारा की वॉर्डात कचरा पेटवतात ते कोण थांबवणार, रस्ता खोदून मातीचे ढीग किती दिवस तसेच ठेवणार, आपल्या दवाखान्यात स्पायरोमेट्रीचं मशीन आणि दम्यासाठी तोंडानं ओढायच्या पंपाची औषधं कधी मिळणार. साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याचा पंप देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे ही काय चैनीची मागणी नाही. आमदार असेल तर सरकारी दवाखाना, कामगार खातं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, ही तिन्ही राज्याची.

खासदाराला विचारायचं जास्त आहे. हवा खराब असलेल्या सुमारे १३० शहरांची केंद्राची यादी आहे, त्यात सोलापूर आहे, हे आमच्या गल्लीत दहा जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. २०१९ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढं पीएम १० म्हणजे हवेतली धूळ २०२५-२६ पर्यंत ४० टक्के कमी करायचं ठरलं. मग आपल्या शहरात किती कमी झाली, पैसे किती आले, त्यातले कशावर गेले? शिवाय शहराजवळ एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा १३२० मेगावॅटचा, कोळशावर वीज करायचा प्लांट आहे. अशा प्लांटच्या धुरासाठी केंद्रानं डिसेंबर २०१५ला नियम केले, मुदत पुढं पुढं ढकलली आणि जुलै २०२५ला धुरातलं सल्फर काढायची यंत्रणा बसवण्यातून देशातल्या बहुतेक प्लांटना सूट दिली. आपला प्लांट कशात बसतो हे खासदारानं सांगायलाच पाहिजे. आणि पीएम २.५, म्हणजे त्याहून बारीक धूळ, त्याची आपल्या देशाची वर्षाची मर्यादा घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते, तेव्हा "आपली हवा मर्यादेत आहे" असं कुणी सांगितलं तर कुठल्या मर्यादेत ते पण विचारा.

लोक ऐकतात का, तर मागच्या वेळी आम्ही एवढंच केलं. गल्लीतल्या ज्यांच्या घरात धाप लागणारं कुणी आहे त्यांना एका संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं बोलावलं. मला वाटलं चार-पाच येतील, तर तेवीस घरं निघाली, आणि इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला एकमेकांचं माहीत नव्हतं. एक अक्का घरातला रिकामा पंप मुठीत धरूनच आली होती, म्हणाली हाच दाखवा त्यांना, महिन्याला असा एक लागतो. मग आम्ही कागदावर तीनच मागण्या लिहिल्या, कचरा पेटवणं बंद, दवाखान्यात फुंकायची टेस्ट, विडीवाल्या बायकांची वर्षाला तपासणी, खाली सह्या आणि अंगठे. प्रचाराला जो येईल त्याच्यापुढं कागद आणि तो रिकामा पंप ठेवायचो. तिघांनी वाचून खिशात घातला. चौथ्यानं पंप हातात घेऊन उलटासुलटा बघितला, त्याच्या वडिलांना पण असाच लागतो म्हणाला, आणि तारीख टाकून सही केली.

तो निवडून आला. टेस्टचं मशीन अजून आलं नाही, पण आमच्या कोपऱ्यावर कचरा पेटवायचं थांबलंय, आणि दर दोन महिन्यांनी आम्ही सातआठ जण त्या सहीची झेरॉक्स घेऊन त्याच्या ऑफिसला जातो. अक्का पंप घेऊन येतात.