शेतावर राहून काम करायला गेल्यावर पहिले काही दिवस कसे जातात? शहरातल्या माणसाला ते झेपतं का?

महिनाभर रजा काढून कुणाच्या तरी शेतावर राहायचं, काम करायचं आणि त्या बदल्यात जेवण-राहणं, असा तुमचा विचार आहे. सवय नसताना निभाव लागेल का, असं विचारलंय. निभाव लागतो. पण पहिले काही दिवस आपला उपयोग कमीच होतो, उलट त्या घराचं काम वाढतं, हे मनाशी धरूनच जा.

'वूफिंग' म्हणून ही पद्धत आज जगभर आहे. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांनी ससेक्समधल्या एका शेतावर शनिवार-रविवार कामाला माणसं नेली, तिथून ती सुरू झाली. दिवसाला साधारण ४ ते ६ तास काम, असा तिथला रिवाज. मी मात्र ओळखीतून गेले, कुडाळजवळच्या एका गावात, जुलैत, ऐन लावणीला. २२ गुंठे भात, थोडे माड-पोफळी, एक म्हैस. लावणीच्या दिवसांत तास कोण मोजणार? पाऊस पडला आणि चिखळणी, म्हणजे नांगरून चिखल करणं, झाली की खाचरात उतरायचं.

पहिला दिवस तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, काढण्यात गेला. रोपं मुळासकट उपटायची, पाण्यात हलवून माती झाडायची, मूठ बांधायची. दुसऱ्या दिवशी लावणीला उतरले. रोप घट्ट बसावं म्हणून मी ते चांगलं खोल खुपसत होते. त्या घरच्या काकी मागून आल्या, माझी ओळ बघितली आणि म्हणाल्या, "बाय, खोल घालू नको गो. मगे फुटवे येवचे नाय." रोप दोन-तीन सेंटिमीटरच आत जायला हवं. खोल गेलं की फुटवे, म्हणजे बुंध्यातून येणारे नवे कोंब, कमी आणि मग लोंब्याही कमी. माझ्या सगळ्या ओळी त्यांनी उपटून पुन्हा लावल्या. मला फार वाईट वाटलं, कारण त्या घराची वर्षाची पेज त्याच रोपांवर होती.

म्हणून सांगते, सुरुवातीला वेगाच्या मागे लागू नका. एकच काम धरा, थोडं झालं की हाक मारून दाखवा. पाहुण्याची चूक काढायला लोकांना संकोच वाटतो, तेव्हा आपणच विचारायला हवं.

तिसरी रात्र सगळ्यात अवघड. बोटं पाण्याने पांढरी पडून सोलली होती, मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की उकिडवं बसता येईना. आईला फोन करून रडले. निघून यायचा निर्णय त्या रात्री घेऊ नका, एवढंच सांगेन. चौथ्या दिवशी सकाळी बांधावर बसून उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी खाल्ली, तेव्हा अंग जरा माझं वाटायला लागलं. सहाव्या दिवशी शेजाऱ्यांकडे सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने करायच्या कामाला, जायचं होतं. आमच्याकडून दोघी येतो, असा निरोप काकींनी धाडला. त्या दोघींतली दुसरी मी होते!

एक गोष्ट मात्र मला आधी कुणी सांगितली नव्हती, ती म्हणजे लेप्टो, म्हणजेच लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून त्याचे जंतू पाण्यात-चिखलात येतात आणि जखमेवाटे अंगात शिरतात. लावणी अनवाणीच होते, त्यामुळे पायाला साधी चीर असली तरी ती झाकल्याशिवाय उतरू नका. पोचल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा, मनाने घेऊ नका. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर भातखाचरात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

निघण्याआधी झोपायची जागा, संडास आणि कामाचे तास फोनवर स्पष्ट विचारून घ्या. बाई एकटी जाणार असेल तर त्या घरातल्या बाईशीच बोलावं, मी तसंच केलं. आणि लावणीलाच जायचं असेल तर तरवा कधी पेरला ते विचारा. साधारण तीन-साडेतीन आठवड्यांनी तो लावणीला येतो. त्याच्या दोन दिवस आधी पोचा. एकदा लावणीची घाई सुरू झाली की तुम्हाला शेजारी उभं करून शिकवायला कुणालाच वेळ नसतो.