थकवा म्हणजे आळस नव्हे

प्रिय बाळ,

तुझा मेसेज सकाळी दवाखान्यात येऊन नीट वाचला. पाठवल्याची वेळ रात्रीची पावणेदोन. त्यात तू स्वतःला दोनदा आळशी म्हटलं आहेस. वाचलेलं डोक्यात राहत नाही, क्लासचे जिने चढताना धाप लागते, सराव परीक्षेचे मार्क उतरत चाललेत, आणि राधानगरीहून पप्पांचा फोन आला की पोटात गोळा येतो. अगं, आळशी मुलगी चार तास झोपून पहाटे सहाला पुस्तक उघडत नाही. हा थकवा आहे, आणि थकव्याला कारण असतं. ते शोधावं लागतं. स्वतःला बोल लावत बसलीस तर ते सापडायचं नाही.

आधी झोपेचं बघू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते, त्यापुढच्या वयातही किमान सात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, म्हणून दहा वाजता अंथरुणावर पडलं तरी डोळा लागत नाही. यात तुझा काही दोष नाही. अडचण एवढीच की क्लास सकाळी लवकर भरतो आणि झोप दोन्हीकडून कापली जाते. शिवाय दिवसभर वाचलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो. बारानंतरचे दोन तास तू अभ्यासात घालते आहेस असं तुला वाटतं, पण त्यापायी आधीचा अभ्यासही निसटतो.

पप्पांना हे पटणार नाही म्हणतेस ना? मग त्यांना तालमीतलं सांग, ते स्वतः लाल मातीत घुमलेले आहेत. पहाटेचे जोर-बैठका आणि मेहनत झाली की खुराक, आणि दुपारी झोप. ती चुकवली तर वस्ताद कान धरतात, कारण अंग भरतं ते विश्रांतीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती धरायची म्हणून आदल्या रात्री जागून जोर मारणारा पैलवान मी तरी ऐकलेला नाही. परीक्षेची तयारी याहून वेगळी का असावी?

रात्री दहाचा टपरीवरचा चहा मात्र सोड. चहातल्या, झोप उडवणाऱ्या कॅफीनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. मैत्रिणी आणतात त्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यात तर त्याहून जास्त कॅफीन आणि वर साखर. फोन गादीवर घेऊ नकोस, चार्जिंगला दाराजवळ लाव, म्हणजे बघायचा झाला तर उठावं लागेल.

आता मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. तू ओघात लिहिलंस, की डबा बाराला येतो पण तीनला उघडतेस, त्यात दोन थंड चपात्या, बटाट्याची भाजी, पातळ आमटी. निम्मं तसंच परत जातं. पाळीत चार दिवस खूप जातं. आणि वाचताना कच्चे तांदूळ चघळायची सवय लागली आहे. हे तू गंमत म्हणून लिहिलंस, मी वाचून थांबले. तांदूळ, खडू, बर्फ असलं काही सतत खावंसं वाटणं ही बऱ्याचदा शरीरात लोह कमी पडल्याची खूण असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59.1 टक्के मुलींना ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी असल्याचं, आढळलं. मुलग्यांमध्ये हेच प्रमाण 31.1 टक्के होतं. म्हणजे तुझ्या खोलीतल्या दोघी-तिघींची तपासणी केली तर एखादी तरी निघेलच. आणि त्या सगळ्या स्वतःला आळशीच म्हणत असतील.

सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घे. सीपीआरमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात होईल, नाहीतर राजारामपुरीतल्या कुठल्याही लॅबमध्ये. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही, नाश्ता करून जा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजायचं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12 आणि थायरॉईड बघायचं का, ते मी रिपोर्ट पाहून सांगेन. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळायची, ती तुम्ही मुली बाकाखाली टाकायचा, मला माहीत आहे! ती गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. एकदा कमी झालं की डोस वेगळा लागतो, त्यामुळे मेडिकलमधून आपल्या मनानं काही आणू नकोस. गोळी सुरू झाली की चहा आणि दुधापासून लांब ठेव, लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळं होईल, घाबरून बंद करू नकोस. बरं वाटलं तरी काही महिने चालू ठेवावी लागते, आणि बहुतेक मुली नेमक्या तिथंच सोडतात.

जेवणात मोड आलेली मटकी, हुलगं, पालेभाजी, त्यावर लिंबू. तुमच्या घरी मटण चालतं, मग रविवारी गावाकडं गेलीस की नुसता पांढरा रस्सा पिऊन उठू नकोस, फोडीही खा. आजी म्हणेल गूळ खा. खा, आपला गूळ गोडच आहे, पण त्यानं रक्त भरून निघेल यावर विसंबू नकोस. तुझा भाऊ पोलीस भरतीच्या नादात जिममधून कसली पावडर आणि इंजेक्शनं घेतोय म्हणालीस, त्याला माझ्याकडं पाठव. मावाही खातो का, तेही मी त्यालाच विचारते.

एक प्रश्न सरळ विचारते, उत्तरही सरळ दे. जगूच नये असं कधी वाटतं का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर हो असेल तर मला त्याच क्षणी फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी उचलला नाही तर 14416 लाव. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. खोलीत एकटी बसू नकोस, मैत्रिणीला उठव. उत्तर नाही असलं, पण दोन आठवडे उलटूनही कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, भूकच मेली असेल, तरी आपण मानसोपचार डॉक्टरांना भेटू. रक्त कमी असताना मनही खचतं आणि मन खचलं की जेवण सुटतं, म्हणून मी दोन्ही एकदम बघणार आहे.

या शहरात गावाकडची पोरं शिकायला यावीत म्हणून शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहं उभी केली. पोराच्या राहण्या-जेवणाची सोय झाल्याशिवाय शिक्षण होत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. आज तुमच्या क्लासवाल्यांना फीच्या पावतीशिवाय तुमचं काही ठाऊक नसतं, याचा मला राग येतो.

उद्या तपासणीला रक्त देऊन ये आणि रिपोर्ट पाठव. डब्यावाल्या काकूंना सांग, मटकी-हुलगं आठवड्यातून तीनदा हवं, वरचे पैसे मी देते. पप्पांशी मीच बोलते. मार्कांचा विषय महिनाभर फोनवर काढायचा नाही एवढंच त्यांच्याकडून कबूल करून घेणार आहे. आज अकराला दिवा बंद.

तुझी,
डॉक्टर मावशी