पिशव्यांचे पैसे वाचवायचे की सासूबाईंचा दमा सांभाळायचा?

प्रश्न : आमचं घर सोलापुरात अक्कलकोट रोडला. खाली टॉवेलचे माग, वर आम्ही सहा जण. सासूबाईंना दमा आहे. व्हॅक्युम क्लिनर घ्यायचा ठरलाय. दुकानात दोन पाहिले. बॅगवाला ९,८०० ला, त्याच्या पाच पिशव्यांचं पाकीट ९०० ला. बिनबॅगचा १४,९०० ला, नऊ महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांवर; रोखीनं घेतला तर ७०० कमी. त्याचा फिल्टर १,१०० चा, वर्षाला बदलायचा. दीर म्हणतात, बिनबॅगचाच घ्या, पिशव्यांवर जन्मभर कोण पैसे घालणार? शिवाय खाली कारखान्यातही चालेल. काय करावं?

उत्तर : ताई, पैशापुरतं बघितलं तर तुमच्या दिरांचं बरोबर आहे. आधी हिशेबच मांडते. मशीन सहा वर्षं चालेल असं धरू. मागाच्या घरात पिशवी महिन्याला एक लागेल, म्हणजे १८० रुपये महिना, वर्षाचे २,१६०, सहा वर्षांचे १२,९६०. त्यात ९,८०० मिळवले की २२,७६०. बिनबॅगचा रोखीनं १४,२०० आणि पहिला फिल्टर सोबत येतो म्हणून नंतरचे पाच, ५,५००. एकूण १९,७००. फरक ३,०६० रुपयांचा. ऐकायला मोठा वाटतो, पण बहात्तर महिन्यांवर पसरला की महिन्याला साडेबेचाळीस रुपये. विजेचं गणित मध्ये आणू नका. दोन्ही चौदाशे वॅटच्या आसपास असतील तर अर्ध्या तासाला पाऊण युनिटही जळत नाही, आणि दोन्हीकडे सारखंच.

आता या साडेबेचाळीस रुपयांत काय मिळतं ते बघा. बिनबॅगच्या मशीनमध्ये हवा गरगरा फिरते, जड कचरा भांड्याच्या कडेला फेकला जाऊन खाली बसतो आणि हवा मधल्या जाळीतून फिल्टरकडे जाते. साध्या घरातल्या मातीला ही रचना उत्तम. तुमच्याकडे मात्र सुताचे बारीक तंतू आहेत. ते त्या जाळीभोवती गुंडाळत जातात आणि थोड्या दिवसांत नमद्यासारखी घट्ट वळी होते. भांडं नुसतं उपडं केलं तर ती पडत नाही, बोटांनी ओढून काढावी लागते, आणि ओढताना तिच्यात अडकलेली पिठासारखी धूळ नाकातोंडाशी उडते. कंपनीच्या खोक्यावर हेपा फिल्टर लिहिलेलं असतं. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. पण तो अडवतो मशीन चालू असताना. भांडं रिकामं करताना मध्ये फिल्टर नसतो, तुम्ही असता. बॅगवाल्यात पिशवीचं तोंड बंद केलं आणि सगळी कचऱ्यात टाकली की झालं. दम्याचं माणूस घरात असताना मी या सोयीचे पैसे डोळे झाकून देईन. तरी मशीन चालू असताना आणि पिशवी बदलताना सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवा.

दुकानदार म्हणेल, पिशवी भरत आली की ओढ कमी होते. खरं आहे. युरोपात तर यावरून कोर्टबाजी झाली. तिथल्या ऊर्जा लेबलची चाचणी रिकाम्या मशीनवर घेत, म्हणून बिनबॅगचे क्लिनर बनवणारी डायसन कंपनी कोर्टात गेली आणि २०१८ साली तो नियम रद्द झाला. पण तुंबलेल्या फिल्टरनं बिनबॅगचीही ओढ जाते. पिशवी गच्च भरेपर्यंत थांबू नका, एवढाच त्यावरचा इलाज. उलट फिल्टर धुवायचा तर तो पूर्ण वाळायला दिवसभर तरी जातो आणि ओला बसवला तर मोटारीचा घात. शिवाय धुवायला पाणी लागतं. आपल्या गावात नळ कितव्या दिवशी येतो हे मी तुम्हाला काय सांगणार.

आता बॅगवाल्यातली मेख. पिशवी मिळाली नाही तर मशीन माळ्यावरची अडगळ. म्हणून पैसे देण्याआधी त्याच मॉडेलची पिशवी सोलापुरात कुठे मिळते ते शोधा, हातात घेऊन बघा, पुठ्ठ्याचं तोंड नीट बसतं का ते तपासा. 'ऑनलाइन मिळेल हो' यावर विसंबू नका. पिशवी मिळतच नसेल तर माझा सल्ला बदलेल. मग बिनबॅगचाच घ्या आणि भांडं गच्चीवर, नाकाला रुमाल बांधून रिकामं करा. धुऊन वापरायच्या स्वस्त कापडी पिशव्यांच्या मोहात मात्र पडू नका. त्या झटकायच्या म्हणजे पुन्हा तीच धूळ अंगावर.

हप्त्यांचं. रोखीला ७०० कमी म्हणजे तेच तुमचं व्याज. फक्त त्याला व्याज म्हणत नाहीत. शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बोट ठेवलं होतं. वर प्रोसेसिंग फी असते, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, आणि क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर व्याजाच्या भागावरही जीएसटी. ९,८०० ची वस्तू घरात नगद येत नसेल तर दिवाळीपर्यंत थांबा. तोवर केरसुणी आणि ओलं फडकं आहेच. खरं तर फरशीला पुढेही ओलं फडकंच बरं. क्लिनर गाद्या, सोफा, पडदे आणि कपाटांच्या माथ्यासाठी. बिनबॅगच्या रोख किमतीपेक्षा आज वाचलेल्या ४,४०० मधून दोन पाकिटं आत्ताच घ्या, उरलेले पिशव्यांसाठी वेगळे काढा. सगळे मिळून दोन वर्षांच्या पिशव्या होतात.

कुणी 'जीएसटी उतरलाय, आत्ताच घ्या' म्हणालं तर हसून सोडून द्या. व्हॅक्युम क्लिनरवरचा कर २८ चा १८ टक्के झाला तो जुलै २०१८ मध्ये.

आणि कारखान्याचं म्हणाल तर साफ नाही. घरगुती मशीनची मोटार तासन्‌तास चालायला केलेली नसते, तापून बंद पडते, आणि धंद्याच्या जागी वापरल्यावर वॉरंटी सहसा नाकारतात. मागांखालची तूस ओढायला औद्योगिक मशीन वेगळं येतं. ते घ्यायचं असेल तर दिरांनी कारखान्याच्या नावानं घ्यावं. जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिटही, म्हणजे वजावट, मिळेल. घरच्या क्लिनरचं बिल मात्र त्या फायलीत घालू देऊ नका.