‘माहा विश्वास लेकरावानी राहिला नाही’

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. गुलाबी बोंडअळीने सलग दुसऱ्या हंगामात पऱ्हाटी (कपाशी) खाल्ली होती आणि सोसायटीचे कर्ज थकले होते. परंतु त्यांनी आधी सांगितली ती वेगळीच चिंता. “ताई, प्रभू येशू म्हणते लेकरावानी व्हा, नाही तर स्वर्गाच्या राज्यात शिरता येत नाही. मले तर प्रार्थनेत निस्ते प्रश्नच येतात. माहा विश्वास गेला समजा.” लेकरू कधी ‘का’ विचारत नाही, असे त्यांनी एका प्रवचनात ऐकले होते. ज्याने तीन वर्षांचे मूल सांभाळले आहे, तो असे म्हणणार नाही.

झोप किती लागते, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का आणि फवारणीचे औषध घरात कोठे ठेवलेले असते, हे मी प्रथम स्पष्ट शब्दांत विचारले. तसा विचार नव्हता, पण रात्री जेमतेम तीन तास डोळा लागत होता. म्हणून त्यांना जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. प्रार्थना की गोळी, अशी निवड विश्वासणाऱ्यास करायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

त्यानंतर आम्ही बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय उघडला. तेथे शिष्यांचा विषय स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, हा आहे आणि त्याचे उत्तर म्हणून येशू एका बालकाला मध्ये उभे करतो. त्या काळच्या समाजात मान, मत किंवा मालमत्ता यांपैकी काहीही नसलेल्या बालकाला. त्यात शंका न घेण्याचा उल्लेखच नाही, नम्र होण्याचा आहे. दुसरा शुभवर्तमानकार लूक तर लोकांनी येशूकडे आणलेल्या बालकांसाठी मूळ ग्रीकमध्ये तान्ह्या बाळाचा शब्द योजतो, आणि तान्ह्या बाळाच्या पदरी विश्वासाची कोणती कमाई असणार? शिवाय प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीला पत्रात लिहितो की, दुष्टपणाच्या बाबतीत तान्हे असा, पण समजुतीत प्रौढ व्हा. गृहस्थांनी हे सर्व मान डोलावून ऐकले खरे, परंतु त्यांना ते पटले नव्हते, हे मला दिसत होते.

पुढच्या भेटीला मीच त्यांच्या घरी गेले. त्यांची नात शेतातून लंगडत आली होती. टाचेत बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता. त्यांनी तिला ओसरीवर बसवले, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि सुईने कातडी उकलायला सुरुवात केली. पोरीने रडून घर डोक्यावर घेतले. “आबाजी, काहून दुखवता?” असे ओरडत तिने त्यांच्या खांद्यावर दोन गुद्देही मारले; मात्र पाय तिने मांडीवरून काढला नाही. काटा निघाल्यावर ती त्यांच्याच सदऱ्याला नाक पुसून तेथेच टेकून बसली. मी विचारले, “हिचा तुमच्यावरचा विश्वास गेला का?” ते बराच वेळ सुईकडे पाहत राहिले.

तीन आठवड्यांनी ते आले, तेव्हा झोप थोडी सुधारली होती. कर्ज अर्थातच तसेच होते. धुऱ्यावर एकटे उभे राहून देवाला बोंडअळीचा आणि व्याजाचा जाब मोठ्याने विचारल्याचे त्यांनी संकोचाने कबूल केले, आणि ही प्रार्थना धरायची का, असे विचारले. मी त्यांच्यापुढे बायबलमधले 13 वे स्तोत्र ठेवले. ओळीखाली बोट धरून त्यांनी पहिली दोन वचने वाचली, ‘कोठवर’ हा शब्द मोजला आणि चष्मा काढून म्हणाले, “चारदा इचारलं यानं. अन् तरी हे पुस्तकात ठेवलं?”