ट्रेड आधीच ठरलेल्या मुलांना करिअर मार्गदर्शन कशासाठी?

तुम्ही विचारलंय की व्यवसाय अभ्यासक्रमाच्या मुलांचा ट्रेड, म्हणजे इलेक्ट्रिशियनसारखा शिकायचा व्यवसाय, आधीच ठरलेला असतो, मग समुपदेशकाने करायचं तरी काय. मी याच मुलांबरोबर काम करते. ट्रेड ठरला म्हणजे करिअर ठरलं, हे गृहीतकच मला मान्य नाही. कित्येकदा तो ट्रेड मुलाने निवडलेलाही नसतो; मार्कांनी, मित्राने नाहीतर मामाने निवडलेला असतो.

आणि समजा, स्वतः निवडला. तरी इलेक्ट्रिशियन म्हणजे एकच काम थोडंच आहे? जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून आवडींचे सहा गट पुढे आले: हातांनी करायचं काम, शोधक, कलात्मक, माणसांत रमणारं, उद्योजकी आणि नोंदी-नियमांचं. वर्कशॉपमधल्या पोरांना सरसकट पहिल्या गटात टाकून लोक मोकळे होतात. पण एकाच ट्रेडमध्ये कुणी वायरिंग करतो, कुणी पॅनेलमधला बिघाड शोधत तासन् तास बसतो, कुणी एस्टिमेट काढतो, कुणी कंत्राट घेऊन चार माणसं सांभाळतो, तर कुणी पुढे निदेशक होऊन शिकवतो. या सगळ्यांचा पिंड एक कसा असेल? आपलं काम इथे सुरू होतं.

आवडी मोजणाऱ्या चाचणीची प्रश्नावली जरा बाजूला ठेवा आणि आधी वर्कशॉपच्या निदेशकांना गाठा. जोडणी चुकल्यावर कोण चिडतं, कोण पुन्हा उघडून बघतं, अडलेला मुलगा कोणाकडे जातो, हे त्यांना तोंडपाठ असतं. (त्यांना हे कुणी विचारतच नाही, हे दुर्दैव.)

फ्रँक पार्सन्स या अमेरिकी समाजसुधारकांनी १९०८ मध्ये बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. स्वतःची ओळख, कामाची माहिती आणि त्या दोन्हींचा विचारपूर्वक मेळ, ही त्यांची त्रिसूत्री. माहितीची व्याख्यानं हवी तेवढी होतात; मेळ घालायला मात्र कुणी बसत नाही. त्यासाठी अप्रेंटिसशिपहून परतलेल्या प्रत्येकाला निदान अर्धा तास द्या. ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी, तिथलं कोणतं काम उद्या परत करशील आणि कोणतं टाळशील, असं विचारा.

‘मला हा ट्रेडच नको,’ असं कुणी म्हणालं तर लगेच समजूत घालू नका आणि बदलाचा अर्जही पुढे करू नका. कामाचा कंटाळा आलाय, गणित अडतंय, की वर्कशॉपमध्ये कुणी त्रास देतंय, ते आधी एकट्याला बसवून विचारा. वर्गात एकटीच मुलगी असेल तर तिला नक्कीच.